भाचेराव, स्टेपनी कुठंय?

श्री. भाचेराव,
मुक्काम शिरूर, म्हणजे आपलं घोडनदी.

तुझं नाव लिहीत नाही. तुझ्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, तशी गळ घातलीय. पण पत्र उघडं लिहितोय, कारण तुझ्या गाडीसजावटीच्या दुकानावर नवा बोर्ड लागल्याचं कळलं : 'नेपाळ-भूतान टूरसाठी गाडी तयार करून मिळेल'. खाली फोटो माझ्या गाडीचा, नेपाळसाठी तूच सजवलेल्या. केडगावच्या एका कुटुंबाने दिवाळीसाठी गाडी तुझ्याकडे सोडलीसुद्धा म्हणे. तेव्हा बोर्डावर जागेअभावी जो मजकूर राहून गेला असेल, तो मी माझ्या खर्चाने छापतो.

आधी अभिनंदन. गाडी दिसायला झकास झाली होती. छतावर एलईडीची पट्टी, पुढे बुलगार्ड, काचांना काळी फिल्म, दारांवर 'दौंड टू काठमांडू'. रांजणगावच्या महागणपतीपुढे नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, तुझ्या मित्राने ड्रोन उडवला. तिथून चार पावलांवर एमआयडीसी. त्या एमआयडीसीतल्या कारखान्यात बनलेल्या जीप कंपास जपान, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला गेल्या. परदेशी जाणाऱ्या गाड्या आपल्या शिरूर तालुक्यात तयार होतात, ही काही नवलाई नाही. पण त्यातल्या एकीच्याही टपावर कुणी लाईटची पट्टी ठोकल्याचं ऐकिवात नाही. तिथल्या इंजिनिअरांना बहुधा तुझा पत्ता मिळाला नसावा.

आता एकेक कौतुक करतो. बुलगार्ड. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं की हे बेकायदा आहे, काढायला लावा. कारण धडक बसली की जोर कुठून कसा आला हे गाडीच्या सेन्सरला नीट कळत नाही आणि एअरबॅग वेळेवर फुगेल याची खात्री राहत नाही. म्हणजे तू मला गाडीची शोभा दिलीस आणि माझी एअरबॅग घेतलीस. काळी फिल्म सुप्रीम कोर्टाने २०१२ सालीच बंद केली. तिच्यापायी उत्तर प्रदेशात हवालदारांशी जो स्नेह जडला तो वेगळाच. एलईडीची पट्टी ऊसतोडीच्या हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्याला तरी कामी आली असती, अंधारात बिनरिफ्लेक्टरच्या जोडट्रॉल्या दिसायला. पण समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याला त्यानंतर काय दिसलं असतं, ते त्या महागणपतीलाच ठाऊक.

नंबरप्लेटचं तर काय सांगावं! एचएसआरपीवर तू ४१४१ ची 'दादा' करून दुसरी पाटी चिकटवलीस. त्या सरकारी पाटीवर डाव्या बाजूला निळ्या अक्षरांत देशाची खूण असतेच. ती तू झाकलीस आणि तीच खूण भल्यामोठ्या अंडाकृती स्टिकरवर मागच्या काचेला लावून त्याचे वेगळे पैसे घेतलेस. वर तुला वाटलं असेल, परदेशात कोण देवनागरी वाचणार? अरे, नेपाळीची लिपी आपलीच. सोनौली ओलांडून बेलहियाला भन्सारच्या, म्हणजे जकातीच्या खिडकीवर गेलो, तर बाबूने पाटी घडाघडा वाचली आणि विचारलं, "यो दादा को हो?" मामीने माझ्याकडे बोट दाखवलं. मग पाटी उचकटली, तेव्हा कुठे भन्सारच्या कागदावर नंबर चढला. त्यानेच मूळ आरसी मागितली. तू फाईलमध्ये लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स घातली होतीस, छान चकचकीत. मूळ कार्ड मामीने निघताना स्वतःच्या पर्समध्ये टाकलं होतं म्हणून वाचलो.

इंटरनॅशनल लायसन्सचे ४,००० घेतलेस. आरटीओत त्याची फी १,००० रुपये, मुदत फार तर एक वर्ष, आणि आम्हा दौंडकरांचं आरटीओ बारामतीला, तेवढे तुझे श्रम मान्य. पण नेपाळात आपलं साधं लायसन्स चालतं, रे बाळा. ते पुस्तक कुणी उघडूनही पाहिलं नाही.

जे लागत होतं ते मात्र नव्हतं. आपला गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. मोटार विम्याच्या दरपत्रकात आयएमटी-१ नावाची एक पुरवणी आहे. ती जोडून घेतली की नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव यांपैकी हव्या त्या देशापर्यंत विमा वाढतो. दरपत्रकात पूर्ण पॉलिसीसाठी त्याचा जादा हप्ता किती? ५०० रुपये. तुझ्या अंडाकृती स्टिकरपेक्षा स्वस्त. हे मला कुणी सांगितलं? सोनौलीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गोरखपूरच्या टॅक्सीवाल्याने. रविवार होता. सोमवारी एजंटाने पुरवणी काढून पाठवली, तोवर सोनौलीत डासांच्या पंगतीला आम्ही ताट वाढून बसलो. लॉजचं बिल जोडतो आहे.

आता मुख्य मुद्दा. बुटवलहून नारायणघाटकडे जाताना दाउन्नेचा घाट लागतो. रस्ता रुंद करायचं काम तिथे वर्षानुवर्षं चाललेलं, म्हणजे पाटस-दौंडच्या माणसाला अगदी माहेरी आल्यासारखं वाटावं असा धुरळा आणि अशीच खडी. तिथे डाव्या मागच्या टायरची कूस फाटली. पंक्चर नव्हे, की काढून प्लग मारला. कंपनीने १५ इंची रिम आणि जाड टायर दिला होता. तू १७ इंची अलॉय आणि कडेला बोटभर रबर असलेला टायर चढवलास, 'लूक येतो' म्हणून. लूक आला. खडीची एक धार लागली आणि गेला.

डिकी उघडली. कार्पेट उचललं. स्टेपनीच्या खळग्यात काय होतं? सबवूफर. निळ्या लाईटसकट. जॅकही नाही, पानाही नाही. कारण ते सगळं जिथे असतं तिथे तू अ‍ॅम्प्लिफायर बसवला होतास.

एका ट्रकवाल्याने देवासारखा जॅक आणि पाना दिला. तरी चाक निघेना. का? अलॉय चोरीला जाऊ नयेत म्हणून तू प्रत्येक चाकाला एकेक लॉकनट बसवला होतास, आणि त्याची किल्ली शिरूरला तुझ्या दुकानातल्या खिळ्याला लटकत होती. तुला फोन केला तेव्हा, "मामा, दिसतीय इथंच, टेन्शन घेऊ नका," असं म्हणालास. धीर आला. किल्ली सुरक्षित होती. आपल्या चौफुल्यात राहणाऱ्याला तमाशाचं वावडं नाही, पण वरून कीर्तन आतून तमाशा तो हाच, हे त्या धुळीत उभं राहून पटलं.

शेवटी पलीकडच्या टपरीतला एक पोरगा आला. त्याने लॉकनटाकडे पाहिलं, एक जुना, जरा लहान मापाचा गोटी-पाना त्यावर ठेवला आणि हातोड्याने ठोकून ठोकून घट्ट बसवला. मग पाइप लावून सगळं अंग टाकलं. कर्रर्र करून नट सुटला. त्या मापाचा टायर बुटवलमध्येही नव्हता. म्हणून त्याने जुनी १५ ची लोखंडी रिम आणि झिजलेला टायर चढवून दिला, आणि आम्ही गाडी लंगडत, २५-३० च्या वेगाने नारायणघाटला नेली. तिथे दोन दिवस घालवून चारही चाकं बदलली.

पुढे मुगलिंगमार्गे काठमांडूची वाट. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे येताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसं गेली. मुगलिंगला तीच नदी त्रिशूलीला मिळते. तिथल्या उतारावर मी ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं, हे तुझ्या पक्क्या बिलात कुठेच नाही. मी चार वेळा वाचलं. स्टिकर दोनदा लावलेले दिसतात, ब्रेक ऑइल एकदाही नाही. इथे मला थट्टा सुचत नाही.

आता ऐकतो की तू 'शिरूर टू लंडन'चंही बुकिंग घेणार आहेस आणि 'कार्ने काढून देऊ' असं सांगतोस. कार्ने म्हणजे गाडी त्या देशात विकणार नाही, परत आणणार, याची जकातखात्याला दिलेली हमी. त्यासाठी तारण ठेवावं लागतं, आणि गाडी परत आली नाही तर त्यातून जकात वसूल होते. ते व्हिनाइलवर छापून मिळत नाही.

तर केडगावकरांची गाडी देण्याआधी चार कामं कर. टायर कंपनीच्या मापाचेच ठेव. डिकीतून सबवूफरचा डबा काढून स्टेपनी, जॅक, पाना परत घाल. ब्रेक ऑइल आणि कूलंट बदल, दोन जादा बेल्ट आणि मूठभर फ्यूज दे. आणि विम्याच्या एजंटाला फोन लाव. यातलं एकही ड्रोनमधून दिसत नाही, मला कल्पना आहे.

माझी १५ ची स्टेपनी, जॅक आणि लॉकनटची किल्ली येत्या रविवारी चौफुल्याला आणून दे. बोर्डावरचा माझ्या गाडीचा फोटो उतरव, नाहीतर त्याखाली दाउन्नेचा फोटो मी लावून देतो. मामी म्हणते, पोराला जेवूनच पाठवायचं, मटण करते. ये. बिलाची यादी ताटाशेजारीच ठेवलेली असेल.

तुझा,
मामा