वराहारूढ

जुन्या मोटारींच्या बाबतीत आपल्या सरकारची विनोदबुद्धी अगदी शाबूत आहे. 2021 साली केंद्राने नियम काढला, की पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येईल. वीस हजार रुपये भरायचे, 'व्हीए' अक्षरांची खास पाटी घ्यायची. मग ती गाडी रस्त्यावर आणायची ती फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, दुरुस्ती नाहीतर इंधन भरणे एवढ्यासाठीच. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं आणि भरलेलं पेट्रोल पुढच्या खेपेला पेट्रोल भरायला जाण्यात जाळायचं.

माझ्या मामेसासऱ्यांची गाडी अजून जुन्या पाटीवरच आहे, त्यामुळे हा नियम तिला लागत नाही. पण कोणी अडवलंच असतं, तरी आमची म्हैसूर सहल नियमात चपखल बसली असती. आमचं प्रदर्शन तर जागोजागी झालं. मागे बघ्यांची रॅली होती. आणि तांत्रिक संशोधन बोनेट उघडून जवळजवळ दिवसभर चालू होतं.

गाडी 1957 सालची फियाट अकराशे. मुंबई-पुण्याकडे हिला 'डुक्कर फियाट' म्हणतात. तो गोल पाठीचा आकार, ते पुढे आलेलं नाक, ते खाली वाकून हुंगत चालणं पाहिलं की नाव कोणी ठेवलं हे विचारावंसं वाटत नाही. मी मात्र पहिल्याच दिवशी मामांसमोर हे नाव घेतलं आणि जेवणाच्या पंगतीत सामसूम झाली. मामा सोसल्याच्या व्यासराय मठाचे शिष्य, पक्के माध्व, पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहिलेले देशस्थ. घरात मराठीच बोलतात. क्रियापद आपलं, हेल कावेरीचा. त्यांनी आपोष्णी संपवली आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आमच्यात त्यास वराह म्हणतात. दशावतारातला तिसरा आहे की हो!"

तेव्हापासून गाडीचं नाव वराह.

मामांना गाडीचा अभिमान आहे, आणि त्याला त्यांनी इतिहासाचा पाया घातलेला आहे. त्यांच्या मते ही गाडी म्हैसूरचीच; कुर्ल्याला नुसती जोडली. यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा ही योजना 1930 च्या दशकात आखली ती विश्वेश्वरय्यांनी, म्हैसूरच्या माजी दिवाणांनी. त्यासाठी वयाच्या सत्तरीनंतर ते युरोप-अमेरिका हिंडून आले. ती योजना उचलली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. याच वालचंदांनी 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाला भागीदार करून बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, आणि मोटारीचा कारखाना निघाला तो मुंबईत, 1944 साली, प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने. "आकाशातलं इथं ठेवलं आणि जमिनीवरचं तुमच्याकडं नेलं," हे मामांचं दुःख. मी म्हटलं, "मामा, विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले ते पुण्याच्या कॉलेजात, आणि आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी आधी बसवले ते आमच्या खडकवासल्याला. कन्नंबाडीच्या धरणाला नंतर." मामांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे शिकाऊ काम तुमच्याकडं केलं म्हणा की."

सकाळी गाडी काढली. पुढे मामा आणि मी, मागे मामी, ही, कॉफीची किटली, पाण्याची कळशी आणि एक जुनं धोतर. धोतर कशाला, असं विचारल्यावर मामी नुसत्या हसल्या. तीस वर्षं या गाडीत मागे बसलेल्या बाईचं हसू होतं ते. मी त्यावरून काही ओळखायला हवं होतं असं ही नंतर म्हणाली.

वराहाची पुढची दारं उलटी उघडतात. बिजागऱ्या मागच्या बाजूला. त्यामुळे उतरताना माणूस आपोआप राजासारखा उतरतो, पाय आधी आणि चेहरा नंतर. चालत्या गाडीत मात्र दार नीट लागलेलं नसलं तर वारा ते शिडासारखं फाडून उघडतो, म्हणून माझ्या बाजूच्या दाराला मामांनी जानव्याच्या गाठीइतक्या निगुतीने सुतळी बांधली होती. राजासारखं उतरण्याचा मान फक्त मामांचा. मी त्यांच्या मागोमाग स्टिअरिंगखालून सरपटत यायचो.

राजवाड्यापाशी पोहोचलो. आधीचा लाकडी वाडा 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नाच्या धामधुमीत जळला आणि हेन्री आयर्विन नावाच्या साहेबाने बांधलेला हा अंबाविलास 1912 साली पुरा झाला, हे मी पाठ करून आलो होतो. पण सांगू कुणाला? ज्यांना सांगावं ते सगळे वराहाभोवती. चंद्रपूरकडच्या एका अख्ख्या कुटुंबाने राजवाड्याकडे पाठ करून गाडीबरोबर फोटो काढले. एका काकांनी मामांना विचारलं, "महाराजांची का हो?" मामांनी नाही म्हटलं नाही. अर्ध्या म्हैसुराने ज्या राजघराण्यावर जीव लावला, त्याच्याबद्दल परक्याचा गैरसमज दूर करण्याची त्यांना घाई नव्हती.

तसं पाहिलं तर म्हैसूरच्या महाराजांना गाड्यांचा शौक दांडगा. रोल्स-रॉइस ते सात-सातच्या घाऊक भावात मागवत, इतक्या की कारखान्यात एकगठ्ठा ऑर्डरला 'म्हैसूर करणे' म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं देताना आपण जो विचार करतो तेवढाच बहुधा त्यांनी केला असावा. आमच्या मामेसासऱ्यांच्या घराण्याने एकच गाडी घेतली, पण तिच्या सुट्या भागांच्या हिशेबाने आजवर सात झाल्याच असतील.

पर्यटकांनी आत जायचं ते दक्षिणेच्या दरवाजाने. पाटी वाचून मामा जागच्या जागी थबकले आणि मला दंडाला धरून पाटीसमोर उभं केलं. वराह दरवाजा. आत शिरताच श्वेतवराहस्वामींचं देऊळ. मूर्ती चिक्कदेवराज वडियारांनी तमिळ मुलखातल्या श्रीमुष्णमहून आणवलेली, देऊळ दिवाण पूर्णय्यांनी उभारलेलं. हे पूर्णय्याही देशस्थ माध्व. हैदर, टिपू आणि वडियार अशा तिघांचा कारभार निभावलेले. मामांना हे सारं जन्मापासून ठाऊक होतं, पण कालच्या पंगतीनंतर त्यांना साक्षीदार हवा होता. त्यांनी देवाला नमस्कार केला, मग बाहेर उभ्या गाडीच्या दिशेने केला, आणि माझ्याकडे पाहिलं. मीही दोन्हीकडे केला.

इथून पुढे काय पाहायचं हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे उरला नाही. सेंट फिलोमिना चर्च यादीत होतं. ते डावीकडून सरकताना दिसलं, कारण उतारावर आलेला वेग सोडणं मामांना परवडणारं नव्हतं. यादीत नसलेला देवराज मार्केटचा कोपरा मात्र आम्ही फुरसतीने पाहिला. तिथे गाडी बंद पडली. मल्लिगेच्या राशी, नंजनगूडची रसबाळे केळी, विड्याच्या पानांच्या ओल्या चळती, समोर 'चिक्क गडियार' म्हणजे धाकटा घड्याळमनोरा. पाठीमागून एक टांगा आला. टांगेवाल्याने आम्हाला हॉर्न दिला नाही, कारण त्याच्याकडे तो नव्हता, घोड्याने दिला.

चामुंडी टेकडी हा खरा प्रसंग. भाविकांसाठी हजार पायऱ्या आहेत, सतराव्या शतकात दोड्डदेवराज वडियारांनी बांधलेल्या. आम्ही घाटाने गेलो. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत वराहाने अवतारकार्य चोख केलं. मग इंजिनाने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि गाडी अंग टाकून बसली. रिक्षावाले हात दाखवून वर जात होते. मामांनी बोनेट उघडलं. "व्हेपर लॉक," ते म्हणाले, डॉक्टर निदान सांगतात त्या आवाजात. इंजिनाच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप ओढायला जातो पेट्रोल आणि हाती येते हवा. गोष्ट सोपी आहे, फक्त चढावर समजली की जड जाते.

तेव्हा ते धोतर निघालं. मामांनी कळशीत बुडवून पिळलं, पंपाभोवती तीन वेढे घातले आणि शेवटचा काष्ट्यासारखा खोचला. चर्र आवाज झाला, वाफ उठली, मामींनी सवयीने पदर नाकाला लावला. पाचेक मिनिटांनी मामांनी पुन्हा पाणी मागितलं. कळशी रिकामी. त्यांची नजर हळूहळू किटलीवर गेली. मामी एवढंच म्हणाल्या, "कॉफीस हात लावाल तर बघा." लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्या माणसाने जे करायचं ते मामांनी केलं; रस्त्याकडेच्या शहाळेवाल्याकडून पाणी आणलं.

त्यामुळे नंदी पाहायला मिळाला तो मात्र जिवंतपणी पुन्हा पाहीन की नाही अशा मनाने. एका अखंड दगडातून कोरलेला, सुमारे पंधरा फूट उंच, चोवीस फूट लांब, गळ्यात घंटांच्या माळा. बसलाय तो असा की त्याला कुठे जायची घाई नाही. ही त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "याच्या पंपाला काही होत नाही."

दुपारी सोसल्याकडे निघायचं ठरलं. मठाचं दर्शन आणि मामांचं घर. टी. नरसीपूर म्हणजे कावेरी-कपिलेचा संगम, आणि तिथला नरसिंह हातात गुंज धरून उभा. हे क्षेत्र काशीपेक्षा गुंजभर जड, असं तिथली मंडळी मानतात. सारा रस्ता मामा व्यासरायांच्या गोष्टी सांगत होते. जन्म जवळच्याच बन्नूरचा, विजयनगरात कृष्णदेवरायांचे गुरू. राजावर कुहूयोग हा अशुभ योग आला तेव्हा त्यांनी स्वतः सिंहासनावर बसून तो अंगावर घेतला, अशी परंपरा. आणि त्यांचे शिष्य पुरंदरदास! "तुमच्याच सासवडजवळचे, पुरंदरगडाचे सावकार म्हणतात. इथं आले आणि सगळं टाकून दास झाले." (कन्नड अभ्यासकांना हे पुरंदरगड प्रकरण फारसं मान्य नाही, मामांना ते सोयीपुरतं मान्य आहे.) "तुम्हीही तिकडचेच. तुम्ही निदान पेट्रोलचे पैसे तरी टाका."

संगमापलीकडे गाडी बंद पडली ती या वेळी शांतपणे, तक्रार न करता. बॅटरी गेली होती. टी. नरसीपूरकडून लाल बस आली. मामींनी किटली उचलली, आधार कार्ड काढलं आणि चढल्या. कर्नाटकातल्या बायकांना लाल बस फुकट आहे. हिचं आधार पुण्याचं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि तिकीट काढलं.

शेतातली चार पोरं धावत आली. मामा मला म्हणाले, "आज वराहास कुहूयोग आहे. तुम्ही बसा सिंहासनावर, आम्ही ढकलतो." मी बसलो. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यात दुसरा कुठे आणि चौथा कुठे हे मामांच्या बोटांनाच ठाऊक. "तळ्ळी! तळ्ळी!" असा कन्नड गजर झाला, गाडी हलली, मी क्लच सोडला, आणि वराह जो उसळला तो थेट सोसल्याच्या दिशेने. मागून मामांचा आवाज आला, "थांबवू नका! थांबलं तर परत चालू व्हायचं नाही!"

म्हणून मी थांबलो नाही. लाल बसला मागे टाकलं. हिने खिडकीतून असा हात केला की ओळखतही नाही. सोसले आलं, एक पिंपळ गेला, म्हशी बाजूला झाल्या. कोणाला विचारावं तर थांबावं लागणार. मी वळलो आणि गावातून पुन्हा उलटा निघालो, मग पुन्हा सुलटा. पारावरची माणसं पहिल्या फेरीला उभी राहिली, दुसरीला हात जोडले, तिसरीला कोणी तरी खुर्ची आणून बसलं. इतक्यात एक मोटारसायकल बरोबरीने आली. मागे मामा, धोतराचा सोगा वाऱ्यावर. अखेर माझी रीतसर मार्गदर्शक सहल सुरू झाली. "डावीकडं बघा, मठ! नमस्कार करा! आता आमचं घर, ते बघा, हिरवं दार! वळवा, परत वळवा!"

चौथ्या की पाचव्या फेरीला त्यांनी विचारलं, "पेट्रोल कितपत आहे?"

मी काट्याकडे पाहिलं. "अर्धी टाकी आहे, मामा!"

"ते राहू द्या," मोटारसायकलवरून मामा ओरडले, "वडील गेले तेव्हापासून ते अर्धंच आहे!"