आमचे विशेष प्रतिनिधी

गळ्यात ‘प्रेस’चं कार्ड पडलं की मान आपोआप ताठ होते. एमयूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या संयुक्त राष्ट्रांत, बाकीची मुलं देश होतात, भर मे महिन्यात ब्लेझर घालून घामाघूम होतात. आम्ही इंटरनॅशनल प्रेसवाले. आम्हाला देश नाही, भूमिका नाही, फक्त रुबाब. “आज सुरक्षा परिषदेत आहे, जेवायला येणार नाही,” हे आईला फोनवर सांगताना जी ऐट यायची, ती पुढे पगार सुरू झाल्यावरही आली नाही. आई म्हणायची, “डबा तेवढा परत आण.”

या परिषदेत बोलायला प्रत्येकाला 60 सेकंद. इथे मला हटकून कृष्ण मेनन आठवतात. 1957 च्या जानेवारीत काश्मीर प्रश्नावर भारताच्या वतीनं ते खऱ्या सुरक्षा परिषदेत जवळजवळ आठ तास बोलले. दोन दिवस पुरवून पुरवून. आमच्याकडे असते, तर थर्ड इयरच्या चेअरनं टेबलावर पेन आपटून त्यांना मिनिटात खाली बसवलं असतं. वर मागच्या बाकावरून चिठ्ठी आली असती, ‘सर, लंचनंतर आमच्या ब्लॉकमध्ये येता का?’ आणि ते आठ तास मला दीडशे शब्दांत बसवावे लागले असते. बसवलेही असते. त्यातले चाळीस शब्द मेननांच्या हातातल्या काठीवर.

बातमी मात्र ठरलेली : अमेरिका-रशिया खडाजंगी. संपादिकाबाई एवढंच विचारायच्या, “व्हेटो पडला का?”

एकदा हवामानबदलाच्या कमिटीत पाठवलं. मालदीव झालेली मुलगी अकरावीतली असावी. आमची बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम मीटरभर वर आहे, असं ती सांगत होती आणि निम्मा हॉल मोबाइलमध्ये बुडाला होता. वाक्य अर्ध्यावर असताना वेळ संपली. मला उगाच संताप आला. खऱ्या मालदीवचं तरी काय? 2009 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं पाणबुड्यांचा पोशाख चढवून समुद्राच्या तळाशी बैठक घेतली, तेव्हा कुठे जगाचे कॅमेरे तिकडे वळले. म्हणजे बुडण्याची रंगीत तालीम करून दाखवल्याशिवाय आम्ही पत्रकार येत नाही!

मी तिची मुलाखत घेतली. संपादिकाबाईंनी ती शेवटच्या पानावर, पिझ्झावाल्या प्रायोजकाच्या जाहिरातीखाली लावली. तिचं अर्धं राहिलेलं वाक्य तिथे पूर्ण छापून आलं. शेवटी ठळक अक्षरांत माझं नाव. अंक हातात आल्यावर आधी काय वाचलं, ते विचारू नका.