दादूसची एन्ट्री

नाटक संपल्यावर व्यावसायिक नटाच्या हातात पाकीट पडतं आणि हौशी नटाच्या हातात मंडपवाल्याचं बिल. करंज्याच्या दादूसने अशी बिलं उभ्या आयुष्यात इतकी फेडली आहेत, की मंडपवाला त्याला गावातला एकमेव मोठा कलावंत मानतो.

उरण तालुक्यातलं करंजा म्हणजे कोळ्यांचं बंदर. समोर खाडीपलीकडे रेवस, पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर. सगळा गाव समुद्रावर जातो, दादूस मात्र बर्फाच्या कारखान्यात. बोटी मासळी आणायला निघाल्या की त्यांना बर्फ भरून द्यायचा आणि त्या दिसेनाशा झाल्या की लाद्यांसमोर उभं राहून स्वगत म्हणायचं. प्रेक्षक थंड असला तरी नटाने खचू नये, हा धडा तो तिथेच शिकला.

खोड लागली ती शाळेत. स्नेहसंमेलनातल्या ऐतिहासिक नाटकात उंचीमुळे त्याला भालदार केलं. वाक्य एकच: "महाराज, बाळाजीपंत चिटणीस भेटीला आले आहेत." दादूसच्या घरात 'ळ' आणि 'ण' यांना थारा नव्हता, पाण्याला पानी म्हणायचं, शाळेला शाला. गुरुजींनी तालमीत त्या एका वाक्यावर घाम गाळला. वाक्य बिनचूक आलं, टाळी पडली, आणि पोरगं कामातून गेलं. तेव्हापासून रंगभूषा चढली की दादूस एकही ण सोडत नाही. फार रंगात आला तर बोंबलाचासुद्धा 'बोंबीळ' होतो.

घरी मात्र बायकोपुढे, म्हणजे आमच्या वैनीपुढे, ही मात्रा चालत नाही. ती उरणच्या बाजारात मासळी विकते. तिच्या आवाजाला माईक लागत नाही. दादूसने चहा मागताना एक पाऊल पुढे टाकून हात उंचावला, की ती सुपातली सुकट निवडता निवडता म्हणते, "हात खाली कर आन् साखर आन."

नाटक बघायला नेण्याच्या लायकीचा तो नाही. पनवेलच्या फडके नाट्यगृहात 'नटसम्राट' लागलं होतं. अप्पा बेलवलकरांनी ऐन स्वगतात पॉज घेतला. सभागृहात सगळे श्वास रोखून बसलेले. दादूसला वाटलं, गडी अडला. त्याने तिसऱ्या रांगेतून पुढचं वाक्य पुरवलं, तेही ठणठणीत आवाजात. बाहेर आल्यावर आम्ही त्याला फैलावर घेतलं, तर म्हणाला, "अरे, नटाला नटानं नाय सांभालायचा तं कोनी?"

पण गावाला दादूस लागतोच, आणि त्याला कारण दर्यासारखंच जुनं आहे. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस बंद. तेवढा काळ पोरं किनाऱ्यावर. दिवसा जाळी शिवायची, रात्री तालीम. नारळ फुटतो, नक्कल वाटली जाते, नायक ठरतो, नायिकेसाठी बाहेरगावच्या नटीला आगाऊ रक्कम जाते. पुढे नारळी पौर्णिमा होते, बोटी सुटतात, आणि प्रयोग असतो जत्रेला! तोवर नायक एका बोटीवर, खलनायक दुसऱ्या, प्रॉम्प्टर तिसऱ्या. जमिनीवर सगळं नाटक पाठ असलेला माणूस एकच. १९६२ साली 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकरांनी पाच भूमिका केल्या, त्याचं महाराष्ट्राला केवढं कौतुक! अत्र्यांनी त्या तशा लिहूनच ठेवल्या होत्या. शिवाय फिरता रंगमंच होता. आमच्याकडे रंगमंच जागेवर असतो, दादूस फिरतो.

गेल्या जत्रेत कळस झाला. तीन अंकी सामाजिक नाटक. दादूसकडे बापाचं काम. पहिल्या घंटेला निरोप आला, खलनायकाची बोट अजून आली नाही. दादूस म्हणाला, "परदा वर घ्या. दोगांचा एकत्र प्रवेश एकच हाय." तो नेमका तिसऱ्या अंकात होता, आणि त्यात बापाने खलनायकाच्या कानफटात मारायची होती.

बाप विंगेकडे वळून गरजला, "नराधमा, बाहेर ये! येत नाहीस? मग मीच येतो!" आणि आत गेला. आतून फाडकन आवाज आला. मांडीवर मारला असता तरी चाललं असतं, पण दादूस अभिनयात काटकसर करत नाही. क्षणात शाल उडाली, मिशी लागली आणि खलनायक गाल धरून बाहेर आला. गाल खरोखर लाल! मंडपातून वन्समोअर. दादूसने तो घेतला, दुसऱ्या गालावर.

शेवटचा प्रवेश चालू असताना खरा खलनायक धक्क्यावरून धावत विंगेत पोचला. अंगाला मासळीचा वास, हातात गमबूट, चेहऱ्यावर अपराध. रंगमंचावर बाप मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडत होता. "दादूस," तो कुजबुजला, "मी आता काय करू?"

मेलेल्या बापाने एक डोळा उघडला.

"परदा ओढ."