मिनी ट्रॅक्टरचा इच्छुक

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात निवडणूक असो वा नसो, एक इच्छुक कायम फिरताना दिसतो. त्याला तिकीट नको असतं, मिनी ट्रॅक्टर हवा असतो. तीन-सव्वातीन एकर बाग, शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेली दोन माहितीपत्रकं आणि तोंडी एकच वाक्य, ‘तसं जवळपास फायनल आहे.’ हे ‘जवळपास’ गेल्या वर्षीही होतं. वर्षाचे साडेतीनही मुहूर्त त्याच्या अंगावरून गेले, पण फायनल काही फायनल झालं नाही. त्याच्याकडे पर्याय नेहमी दोनच असतात. एकच असता तर घ्यावा लागला असता. तीन असते तर लोकांनी ‘गोंधळलाय बिचारा’ म्हणून सोडून दिलं असतं. दोन हा आकडा विचारी माणसाला शोभतो. गाव त्याला हसतं, आणि हसण्यासारखं आहेही. पण गाव हसतं ते चुकीच्या कारणासाठी. ट्रॅक्टर निवडता येत नाही म्हणून हा माणूस थांबलाय, असं गावाला वाटतं. माझं म्हणणं असं, की निवडण्याचे दिवसच त्याला इतके गोड लागलेत, की ते संपवायला त्याचा हात धजत नाही.

आधी त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तो खेळण्यासाठी हट्ट धरून बसलेला नाही. १९७०-७१च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. भावाभावांत वाटण्या झाल्या, बांध वाढले, पट्ट्या चिंचोळ्या झाल्या; ट्रॅक्टर मात्र बराच काळ आजोबांच्या मापाचाच मिळत राहिला. सव्वातीन एकरांत पन्नास एचपीचं धूड आणणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा वन-रूम किचनला बसवण्यासारखं आहे. द्राक्षबागेत तर दोन ओळींत साधारण नऊ फुटांचं अंतर, वर तारा, खाली ड्रिपच्या नळ्या. गावातला पन्नास एचपीवाला मिनीला ‘खेळणं’ म्हणतो खरा, पण त्याचा ट्रॅक्टर बांधावर उभा राहून बागेकडे नुसता बघतो. तेव्हा मिनी हवा, इथपर्यंत इच्छुकाचं काहीच चुकलेलं नाही. गाडी अडते ती यापुढे.

समजा, त्याचे दोन उमेदवार आहेत महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी२४४१. माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, की एकाच घरातली दोन स्थळं चालून आल्यासारखं वाटतं. दोघेही २४ एचपीचे. दोघांचीही चारही चाकं ओढणारी. दोघांचीही लिफ्ट ७५० किलो उचलणारी. फरक सापडतो तो सिलिंडरचा. जिवोला दोन, निओस्टारला तीन. हा फरक हाती लागल्यावर इच्छुकाला जो आनंद होतो, त्यावर त्याचे दोन हिवाळे आरामात निघतात. दोनवाला मिनिटाला २३०० फेऱ्यांवर आपली ताकद दाखवतो, तीनवाला २६०० फेऱ्यांवर. यातून इंजिनाचा जाणकार काढेल ते एवढंच, की तिघांत काम वाटलं गेलं की ठोके जवळ जवळ पडतात आणि इंजिन मऊ चालतं. दोन मोठी सिलिंडरं कमी फेऱ्यांत ओढकाम भागवतात. २४ एचपी म्हणजे शेवटी २४ एचपीच. पारावरचं इंजिनशास्त्र मात्र याच्या फार पुढे गेलेलं आहे. ‘तीनातलं एक बसलं तरी दोन राहतात,’ असा बिनतोड हिशेब एक जण मांडतो. ‘पण दोनात बिघडायला मुळात दोनच,’ असं दुसरा सुनावतो. इच्छुक दोघांकडेही बघून मान डोलावतो आणि बॉलपेनने माहितीपत्रकातल्या त्याच ओळीखाली आणखी एक रेघ ओढतो. कागद तिथे आता फाटायला आलेला असतो.

खरं तर या खटल्याचा निकाल अर्ध्या तासात लागतो. त्यासाठी लागते एक टेप, एक ब्लोअर आणि थोडा चिखल. ओळीत दोन्ही ट्रॅक्टर शिरतात. परीक्षा ओळ संपल्यावर सुरू होते. तिथे शेवटचा अँगल उभा असतो, त्याला ताणून धरणारी तार जमिनीत गेलेली असते आणि पलीकडे चुलत्याचा बांध असतो, जो कोर्टात गेलेला असण्याची शक्यता बरीच असते. मागे फवारणीचा ब्लोअर जोडलेला असताना त्या पट्टीत जो एका दमात वळेल, तो ट्रॅक्टर आपला. दुसरी परीक्षा ओल्या काळ्या मातीत भरलेली टाकी ओढण्याची. तिसरी, मेकॅनिक किती किलोमीटरवर बसतो आणि हंगामात फोन उचलतो का याची. प्रत्यक्षात डेमो होतो तो उन्हाळ्यात, शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर, मागे काहीही न जोडता. इच्छुक ट्रॅक्टरला एक प्रदक्षिणा घालतो, पुढच्या टायरला चपलेच्या टोकाने हलकीशी लाथ मारतो, बॉनेट उघडायला लावून आत डोकावतो आणि सगळं कळल्यासारखं ‘हं’ म्हणतो. सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवून बघतो. टेप त्याच्या खिशात असतेच. तिने तो ट्रॅक्टर मोजतो, लांबी, रुंदी, उंची, सगळं. बाग मोजायची तेवढी राहून जाते.

ती का राहते, यावर गावाकडे दोन उत्तरं तयार आहेत. एक, त्याला कळत नाही. दोन, त्याचा हात आखडता आहे. दोन्ही उत्तरं पुराव्याला टिकत नाहीत. छाटणीनंतर आभाळ भरून आलं की कोणतं बुरशीनाशक, किती, आत्ता मारायचं की पहाटे, हा सगळ्या हंगामाचं भवितव्य ठरवणारा निर्णय हाच माणूस बांधावर उभ्या उभ्या घेतो. तिथे त्याला माहितीपत्रक लागत नाही. आणि हात आखडता असता तर त्याने द्राक्ष लावलंच नसतं. गहू पेरून झोपला असता. खरं उत्तर बाजारात आहे. हाच माणूस कांदा घेऊन लासलगावला जातो तेव्हा व्यापारी ट्रॉलीभोवती जमतात, चार कांदे उचलून बघतात, आकडा पुकारतात आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकतात. मालकाच्या वाट्याला तिथे एकच वाक्य येतं, ‘चला, ट्रॉली पुढं घ्या.’ खताच्या गोणीवर किंमत छापून येते. विकताना भाव दुसरा सांगतो, घेताना भाव आधीच ठरलेला असतो. या सगळ्या व्यवहारात एकच दार असं, की जिथे पाऊल ठेवल्याबरोबर पंखा त्याच्याकडे वळवला जातो. ‘बसा ना दादा. थंड घेणार का गरम?’ पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा पोरगा मोटारसायकलवर थेट बागेत येतो, घडांचं कौतुक करतो, वडिलांच्या पाया पडतो आणि ‘त्यांनी काय कोटेशन दिलं?’ असं हळूच विचारतो. म्हणजे यंदा भाव पुकारायची पाळी दुसऱ्याची, आणि हो-नाही म्हणायची याची. हे सुख सही होईपर्यंतच टिकतं. सही झाली की गिऱ्हाईक संपतं आणि कर्जदार सुरू होतो. मग घाई कोण करील?

यावर हिशेबी माणूस म्हणेल, की या सुखाची किंमत जबर आहे. ट्रॅक्टर नाही तोवर दर फवारणीला भाडं जातंच. खरं आहे. पण दैवही इच्छुकाच्या बाजूने असतं. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक ३५ हजारांचा. ज्यांनी झटपट निर्णय घेऊन आदल्या पाडव्याला पेढे वाटले होते, त्यांच्या दारावरून इच्छुक त्या दिवशी मुद्दाम सावकाश गेला असेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ट्रॅक्टरच्या खर्चाचं गणित मांडताना तो वर्षाला १००० तास चालेल असं धरण्याची रीत आहे. इथे एकरी अर्धा तास आणि वर्षाला ऐंशी फवारण्या धरल्या तरी तीन एकरांचे १२० तास होतात. रोटाव्हेटर आणि किरकोळ वाहतूक मिळवली तरी दोनशेच्या आतच. मग विकत घ्यायचा कशाला, भाड्यानेच आणावा! हे गणित कागदावर बरोबर आहे, पण त्यात पाऊस धरलेला नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी कोसळला की डाऊनीची बुरशी सगळ्यांच्या बागेत एकाच रात्री पाय ठेवते. त्या पहाटे शिवारातल्या प्रत्येकाला तोच भाड्याचा ब्लोअर हवा असतो आणि आपला नंबर तिसऱ्या दिवशी लागतो. विहिरीचा दोर रोज किती तास वापरला, यावरून त्याची किंमत कोणी ठरवत नाही. मिनी ट्रॅक्टरचंही तसंच आहे.

म्हणूनच इच्छुकाची उमेदवारी संपते ती अशाच एखाद्या पहाटेनंतर. सिलिंडरचा वाद तोवर सुटलेला नसतो. रात्रभर पाऊस झालेला, भाड्याचा ब्लोअर ‘येतो, येतो’ म्हणत आलेला नाही, पानांवर तेलकट डाग दिसू लागलेले. त्या दिवशी तो कपडे न बदलता शोरूमला जातो आणि दोहोंपैकी जो दारात उभा असेल तो घेतो. थंड-गरम काही घेत नाही. ट्रॅक्टर बागेत येतो, शेवटच्या अँगलपाशी दोनदा मागे-पुढे होतो, तिसऱ्या दिवसापासून वळायला शिकतो. निवड चुकली असं म्हणायला जागा नाही, कारण दुसऱ्यानेही साधारण हेच केलं असतं. फक्त फोन थांबतो. पाया पडणारा पोरगा आता शेजारच्या गटात जातो. चारेक महिने असे सुनेसुने जातात. मग एके दिवशी पारावर इच्छुकाचा खिसा पुन्हा फुगलेला दिसतो. भाड्याच्या ब्लोअरवर किती दिवस काढणार, स्वतःचा घ्यायलाच हवा. दोन कंपन्यांचे बघून झालेत. तसं जवळपास फायनल आहे.