कूपन लागू झाले आहे

घरातलं हिंग, मीठ आणि केळी संपली असतील तर सुज्ञ माणसाने किमान 499 रुपयांचा किराणा मागवावा. या तीन वस्तूंचे होतात 160 रुपये, आणि 160 रुपयांच्या गरजेला कुठलंही कूपन भीक घालत नाही. 499 च्या गरजेवर मात्र 100 रुपयांची सूट असते. तेव्हा माणूस आपली गरज वाढवायला बसतो. चहापावडर टाकतो, ती लागतेच. बिस्किटं टाकतो, पाहुणे येतातच. भांड्याचा साबण दोन महिने पुरेल एवढा टाकतो. तरी बेरीज 472 वर येऊन अडते. आता 27 रुपयांत या जगात काय मिळतं याचा शोध सुरू होतो. जे मिळतं ते नेमकं संपलेलं असतं आणि त्यापुढची वस्तू एकदम 85 ची असते. कसल्याशा पौष्टिक बियांची पुडी. तिचं काय करतात हे घरात कोणालाच ठाऊक नसतं, पण ती टोपलीत पडताक्षणी कूपन लागू होतं, पडद्यावर रंगीत कपटे उडतात आणि ‘अभिनंदन! तुम्ही 100 रुपये वाचवले’ अशी पाटी झळकते. दहावीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा सख्ख्या काकांनीही इतक्या मोकळ्या मनाने अभिनंदन केलं नव्हतं.

मग हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क आणि बाहेर पाऊस असेल तर पावसाचं शुल्क. ही लागू होताना कपटे उडत नाहीत.

आमच्या सोसायटीत या विषयात नानांचा शब्द प्रमाण. नाना सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झाले. उभी हयात दुसऱ्यांच्या खर्चावर ताशेरे मारण्यात गेली, त्यामुळे स्वतः खर्च करताना त्यांना अजूनही आक्षेप घ्यावासा वाटतो. सकाळी फिरायला म्हणून बागेत जातात आणि बाकावर बसून चार ॲपवरचे तूरडाळीचे भाव ताडून पाहतात. सून सांगते, “बाबा, टूथपेस्ट संपली.” नाना म्हणतात, “बुधवारपर्यंत रेट.” बुधवारी कुठल्याशा कार्डावर दहा टक्के सूट असते. तोवर ट्यूब लाटण्याने लाटली जाते, गुरुवारी घरात बारा ट्यूब येतात, आणि मग नातवाचे दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत त्या पुरतात.

सगळ्यात घसघशीत कूपन असतं ते ‘फक्त नव्या ग्राहकांसाठी’. जुन्या ग्राहकाची पत जुन्या जावयाइतकीच. पण नानांनी लवकरच ओळखलं की पाच फोन असलेल्या घरात पाच नवे ग्राहक दडलेले असतात. त्यांच्या मातोश्री नव्वदी ओलांडून गेल्या. अंथरुणाला खिळल्या असल्या तरी कंपन्यांच्या दफ्तरी त्यांची नोंद पिझ्झा, प्रोटीन पावडर आणि दाढीचं तेल मागवणारी होतकरू ग्राहक अशी आहे. त्यांच्या फोनवर रोज रात्री निरोप येतो, ‘तुझी आठवण येतेय, परत ये ना, 60 टक्के सूट!’ नातवाने तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा म्हातारी म्हणाली, “कोण रे हा मेला?”

शेजारधर्मही बदलला आहे. पूर्वी शेजारी विरजण मागायला यायचे, आता ओटीपी मागायला येतात. ‘कोणाकडे अमक्या बँकेचं क्रेडिट कार्ड आहे का? फ्रिज घ्यायचाय, अर्जंट’ असा मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर पडला की ज्याच्याकडे ते कार्ड असतं तो दिवसभर चेअरमनच्या रुबाबात वावरतो.

एवढा खटाटोप कंपन्या कशाला करायला लावतात, सरळ भाव का उतरवत नाहीत, असं भाबड्या माणसाला वाटतं. त्याने अर्थशास्त्राचं पाठ्यपुस्तक उघडावं. खटाटोप हाच कूपनाचा प्राण आहे. एकाच साबणाचे दोन भाव लावायचे असतात. रात्री नऊला लोकलमधून उतरून जी घाईघाईने फोनवर भाजी मागवते तिला पूर्ण भाव. नऊ रुपयांसाठी वीस मिनिटं घालवायला जो तयार आहे त्याला कमी भाव. आता कोण कोणत्या गटात हे विचारून कळत नाही, कारण विचारलं तर सगळेच गरीब असतात. म्हणून वाटेत कोड, मुदत, किमान रक्कम, कमाल सूट असे अडथळे रचायचे. जो सगळे ओलांडून पलीकडे पोहोचला तो अस्सल चिकट, त्याला सूट द्यायला हरकत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. रिकामपणाचा दाखला घरबसल्या मिळतो, तो हा. सगळ्यांना सहज मिळालेलं कूपन हे कूपनच नव्हे, तो नुसता भाव झाला. थोडक्यात, नानांच्या नऊ रुपयांचा भार तिसऱ्या मजल्यावरची नोकरदार बाई उचलते, आणि लिफ्टमध्ये भेटल्यावर नाना तिलाच ऐकवतात, “तुमची पिढी फार उधळी.”

पूर्वी ही वर्गवारी दुकानदार स्वतः करायचा. चेहरा, चपला आणि हातातली पिशवी बघून भाव सांगायचा. पण तेव्हा गिऱ्हाइकाच्याही हाती शस्त्र होतं. तुळशीबागेत 300 सांगितलेली वस्तू 100 ला मागायची, नाही म्हटलं की वळून चालू लागायचं आणि मागून हाक येईपर्यंत मान फिरवायची नाही. ॲपला अशी पाठ कशी दाखवणार, असं आम्ही नानांना विचारलं. त्यांनी आमची कीव केली. म्हणाले, टोपली गच्च भरायची, पैसे द्यायच्या पडद्यापर्यंत जायचं आणि फोन खिशात टाकायचा. दोन दिवसांत मागून हाक येते, ‘काही विसरलात का? हे घ्या 50 रुपये.’ म्हणजे तुळशीबाग बुडालेली नाही, फक्त चार पावलं चालायला आता दोन दिवस लागतात.

या नव्या बाजारातला निर्भेळ विजय मात्र कूपनाशिवायच मिळाला आहे. मे 2024 मधली गोष्ट. ब्लिंकिटवर भाजीबरोबर कोथिंबिरीचेही पैसे पडतात हे पाहून मुंबईतल्या एका आईला धक्का बसला. मुलाने तो धक्का समाजमाध्यमावर मांडला, आणि कंपनीच्या प्रमुखांनी भाजीसोबत कोथिंबीर फुकट द्यायची सोय करून टाकली. त्या माउलीने कुठलाही कोड टाकला नव्हता. भाजी घेतल्यावर कोथिंबीर विकत कोण घेतं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

कूपनांचा उगम शोधत गेलं तर माणूस 1880 च्या दशकाअखेरच्या अटलांटात पोहोचतो. तिथे कोका-कोलाने एक पेला फुकट मिळण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. पेल्याची किंमत 5 सेंट. चिठ्ठी द्यायची, पेला रिचवायचा, मिशा पुसायच्या आणि चालू लागायचं. किमान रकमेचा शोध अजून लागायचा होता.

त्याच देशात पुढे एका गृहस्थाने कूपनं बंद करण्याचं धाडस केलं, त्याची हकीकत प्रत्येक सरळमार्गी माणसाने वाचावी अशी आहे. जेसीपेनी ही तिथली जुनी, मोठी दुकानसाखळी. 2011 या एका वर्षात तिने पाचशेहून अधिक सेल लावले होते, म्हणजे दिवसाला एकाहून जास्त. ॲपलची दुकानं नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख म्हणून आले. त्यांनी 2012 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, आजपासून खोटे भाव नाहीत, कूपनं नाहीत, शेवटचे 99 सेंटसुद्धा नाहीत. रोज एकच रास्त, पूर्णांकातला भाव. गिऱ्हाइकं पाय धरतील अशी त्यांची कल्पना असावी. गिऱ्हाइकांनी काढता पाय घेतला. वर्षभरात विक्री सुमारे 25 टक्क्यांनी घसरली, 2013 च्या एप्रिलमध्ये जॉन्सनसाहेबांना नारळ मिळाला आणि कूपनं सन्मानाने परत आली. गिऱ्हाइकांचंही चूक म्हणता येत नाही. 40 डॉलरचा शर्ट 20 ला मिळाला तर त्यात आपली हुशारी असते. 20 चा शर्ट 20 ला मिळाला तर त्यात आपलं कर्तृत्व काय?

आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून हाच साधेपणाचा मार्ग धरला. कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल एकगठ्ठा आणायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. त्यात पैसे खरोखर वाचतात, हाच त्या पद्धतीचा मोठा दोष. खरोखर वाचलेले पैसे कुठे दिसत नाहीत. शिवाय डाळ-तांदूळ वाटून घेताना शेजाऱ्यांशी बोलावं लागतं, तेही ओटीपी न मागता.

बोलण्याची उणीव 2019 च्या दिवाळीने भरून काढली. गूगल पेने त्या वर्षी पाच चित्रं जमवायला सांगितली: पणती, फूल, कंदील, झुमका आणि रांगोळी. पाचही जमली की 251 रुपये. पणत्या ढिगाने मिळत, रांगोळी काही केल्या मिळेना. मग अवघा देश एकमेकांना विचारत सुटला, “तुमच्याकडे रांगोळी आहे का?” कित्येक वर्षांचे अबोले सुटले, दूरच्या चुलतभावांना फोन गेले. नानांच्या सुनेने दारात पहाटे उठून काढलेली ठिपक्यांची रांगोळी तुडवत नाना फोन उंच धरून रांगोळीच्या शोधात जिना उतरले. तामिळनाडूच्या रहिवाशांना स्क्रॅच कार्डांचं हे सुख नाही, कारण तिथे बक्षीस योजनांना बंदी करणारा 1979 चा कायदा आहे. ती माणसं बिल भरतात आणि झोपी जातात.

आमच्या नशिबी खरवडणं आलं. विजेचं बिल भरावं, कार्ड खरवडावं, खाली निघतं ते दुसऱ्या दुकानाचं कूपन: 999 रुपयांच्या कानातल्यांवर 300 सूट. कानातली घेतली की कुत्र्याच्या खाद्याचं कूपन मिळतं. नाना सध्या कुत्रा पाळण्याच्या विचारात आहेत.

सरकारचं या सगळ्याकडे लक्ष नाही असं कोणी समजू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन बाजारातल्या 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. ‘फक्त 2 उरले, त्वरा करा’ अशी खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, भाव थेंबाथेंबाने उघड करणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, असे ते प्रकार. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहिलेलं बटण दाबायला लावतात, ती ही लाजवण्याची तऱ्हा. नानांनी यादी बारकाईने वाचली आणि म्हणाले, “एवढ्यासाठी बंदी? आमच्याकडे पंगतीत जिलबी अशीच वाढतात.”

आता, दुसऱ्यांच्या कूपनांना हसायचा वर्तमानपत्राला काय अधिकार, हा प्रश्न रास्त आहे. अधिकार मुळीच नाही. रोज कूपन कापा, प्रवेशिकेवर चिकटवा, शंभर पुरी करून एजंटाकडे द्या, भाग्यवंतांना मोटार, उरलेल्यांना डबा, ही विद्या मराठी घराघरांत आम्हीच पोहोचवली. झेरॉक्स चालणार नाही, खाडाखोड चालणार नाही, निर्णय अंतिम राहील. योजना चालू असताना डिंकाच्या बाटल्या संपतात, एरवी एक अंक घेणारी घरं दोन घेतात आणि हुकलेल्या नंबरासाठी प्रतिष्ठित माणसं रद्दीवाल्याच्या दुकानात उकिडवी बसलेली दिसतात.

कापलेल्या कूपनाच्या पाठीमागे काय छापायचं, हा यातला अवघड भाग. निधनवार्ता छापता येत नाही. राशिभविष्य कापलं गेलं तर दिवसभर फोन वाजतो. शब्दकोड्याला भोक पडलं तर लोक प्रत्यक्ष येतात. बराच खल होऊन, गेलं तरी कोणाची तक्रार येणार नाही असा मजकूर म्हणून वितरण विभागाने ती जागा या सदराला दिली. तक्रार अद्याप आलेली नाही. नानांचा फोन तेवढा आला होता. सदर कसं वाटलं, असं आम्ही मोठ्या आशेने विचारलं.

“मागची बाजू काही पाहिली नाही,” नाना म्हणाले. “तुमच्याकडे 41 नंबर शिल्लक आहे का?”