तंबूकाका

परदेशीपुऱ्यात मराठी माणूस राहतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक आधी पत्त्यावर हसतात आणि मग आमच्या मराठीवर. 'जेवून राहिलो आहे' असं आम्ही फोनवर म्हणालो की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून इंदूरला आलेल्या माणसांची आम्ही पतवंडं. परदेशी नक्की कोण, हा हिशेब आम्ही केव्हाच सोडून दिला. तंबूकाका मात्र वर्षातून एकदा आपणहून परदेशी होतात. म्हणजे तंबू उचलतात आणि रानात राहायला जातात.

मोकळ्या हवेचा भक्त आणि घरच्या उशीचा गुलाम एकाच देहात नांदू शकतात, हे काकांना पाहिल्याशिवाय पटणार नाही. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले, सडसडीत, गळ्यात कायम शिट्टी. वडील मिलमध्ये होते. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांची देणी चुकती व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर वडील गेलेले. आलेले पैसे चार भावंडांत वाटले. काकांच्या वाट्याच्या रकमेत काकूंना मिक्सर हवा होता. घरात आला तो चार माणसांचा निळा तंबू. "बाबांनी सगळा जन्म पत्र्याखाली काढला, त्यांच्या पैशातून आपण आभाळाखाली झोपू," असं काका म्हणाले. काकूंना यावर उत्तर सुचलं नाही. मिक्सर अजूनही जुनाच आहे आणि चटणी वाटताना ओरडतो.

मिल गेली तरी मिलचा भोंगा काकांच्या अंगातून गेला नाही. ते कुठलंही काम पाळीतच करतात. तंबूची पहिली तालीम घराच्या गच्चीवर झाली तेव्हाही पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी अशी माणसं नेमली होती. दोऱ्या पाण्याच्या टाकीला बांधल्या. रात्री अकराला काका तंबूत शिरले, साडेअकराला मच्छर मारायची अगरबत्ती न्यायला खाली आले, बाराला टेबलफॅन घेऊन गेले. सकाळी समोरच्या बाईंनी तंबूच्या उतरत्या अंगावर कुरडया वाळत घातलेल्या होत्या. काकांनी त्या हलवू दिल्या नाहीत. "कापड किती वजन पेलतं ते कळून राहिलं आहे," म्हणाले.

गेल्या डिसेंबरात त्यांनी गांधीसागर ठरवलं. चंबळेवरचं धरण, मंदसौर जिल्ह्यात, राजस्थानच्या हद्दीला अगदी खेटून. काकांचा हुकूम सुटला: एक माणूस, एक पिशवी. निसर्गात ओझं चालत नाही. मग त्यांचं स्वतःचं सामान खाली आलं. लवंगेची शेव दोन किलो, लसणाची दोन किलो, जिरावनची बरणी, गॅसची शेगडी, आल्यासाठी खलबत्ता, घडीची खुर्ची, दोन उशा आणि पोहे वाफवायचं पातेलं. आपले इंदुरी पोहे फोडणीला टाकून परतत नाहीत, वाफेवर फुलवतात. ते कढईत केले तर काका त्यांना पोहे म्हणत नाहीत, 'नाश्ता' म्हणतात. शिवाय सहा रंगांच्या सहा पिशव्या. त्या कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

रस्ता अडीचशेच्या वर किलोमीटरचा, पण काकांबरोबर तो दोनशे वर्षांचा होतो. महिदपूरला चहासाठी थांबलो तर 21 डिसेंबर 1817 ची लढाई सुरू झाली. इंग्रज कुठून क्षिप्रा उतरले, आपला तोफखाना कुठं होता, सगळं बिस्किटं मांडून. आपण हरलो ती लढाई काका दर खेपेला नव्याने लढतात आणि बिस्किटं संपली की हरतात. चहावाला दोन पिढ्यांचा जाणकार असावा. त्याने न मागता दुसरा पुडा पुढे केला.

भानपुऱ्याला मात्र काका वेगळेच. यशवंतराव होळकर 1811 मध्ये इथंच वारले. इंग्रजांशी पुन्हा दोन हात करायचे म्हणून तोफा ओतायचा कारखानाही त्यांनी इथंच काढला होता. त्यांच्या छत्रीसमोर काकांनी चपला काढल्या, शिट्टी खिशात घातली. बरोबर आलेल्या भाच्याने "चलो भिया" म्हणताच त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा शुद्ध मराठीत "निघूया का?" म्हणाला. ती पाच मिनिटं मला फार आवडली. तेवढ्यापुरते काका कुणालाही काही समजावून सांगत नव्हते.

गांधीसागरच्या अभयारण्यात मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही, म्हणून ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पाण्याकाठच्या पडीक तुकड्यावर मुक्काम ठरला. पुढे पाणी, पलीकडचा काठ दिसू नये इतकं. 1954 साली नेहरूंनी पायाभरणी केली आणि 1960 मध्ये धरण पुरं झालं. त्या पाण्याच्या मागे कोरडं ठणठणीत पठार: पिवळं गवत, खैर, पळस, निष्पर्ण सालई. वाळवंट नव्हे, पण वाळवंटाचं माहेर जवळच असल्याची खूण जागोजाग.

आणि खाली दगड. वाळूचा, पण दगडच. पहिली खुंटी वाकली. दुसरी वाकली. तिसरी ठोकताना हातोडीचा दांडा निसटून पाण्याकडे गेला आणि तिथं मगरी आहेत हे शेतकऱ्याने आधीच सांगितलेलं असल्याने तो आणायला कुणी गेलं नाही. काका कमरेवर हात ठेवून भानपुऱ्याच्या दिशेने बघत राहिले. "तिकडं त्या माणसाने तोफा ओतल्या," ते म्हणाले, "आणि इकडं आमच्याने चार खुंट्या ठोकवत नाहीत." शेवटी एक दोरी गाडीला, एक खैराला, एक गॅसच्या टाकीला बांधली. चौथा कोपरा उरला.

"मी बसू का त्याच्यावर?" काकूंनी विचारलं. त्या खुर्ची घेऊन खरंच बसल्या, आणि मुक्कामभर तंबूतल्या तंबूत सर्वांत भक्कम कोपरा तोच होता.

सूर्य बुडाला तसं पाणी तांब्याचं झालं, मग शिशाचं. इतक्या चांदण्या मी परदेशीपुऱ्यात कधी पाहिल्या नव्हत्या. कुणी बोलेना. बऱ्याच वेळाने अंधारातून काकांचा आवाज आला, "अकरा वाजले. सराफ्यात आता गराडू तळून राहिले असतील."

मग पाळ्या लागल्या. कुनोहून दोन चित्ते 20 एप्रिल 2025 ला इथल्या जंगलात सोडलेले, तेव्हा रातपाळी काकांनी स्वतःकडे घेतली. शिट्टी, बॅटरी, खलबत्त्यातला बत्ता. शेतकरी समजूत घालायला आला. चित्ते तारेच्या कुंपणात आहेत, म्हणाला, आणि चित्ता शिकार करतो ती मुख्यतः दिवसा. काकांचे खांदे सैल झाले. "रात्रीचा मालक बिबट्या," शेतकरी सहज पुढे म्हणाला आणि राम राम करून घरी गेला. त्यानंतरची रातपाळी काकांनी गाडीत काढली, काचा वर करून.

पहाटे पाचला भोंगा झाला. काका तो तोंडाने वाजवतात: आधी घशात घरघर, मग लांबच लांब चढता सूर. पाण्यावरची सगळी पाखरं एकदम उठली, ती पाहायलाच खरं तर आम्ही आलो होतो. वाफ आली, पोहे फुलले, वर शेव पडली, जिरावन पडलं. दोन घास झाल्यावर काकांनी पहिल्यांदा पाण्याकडे नीट पाहिलं. "बढिया आहे," म्हणाले आणि तिसरा घास घेतला.

परतीला चतुर्भुज नाल्याच्या कड्यांखालची गुहाचित्रं पाहिली. शिकारी, जनावरं, गेरूच्या रंगात. त्या माणसांजवळ काय सामान असेल, असं भाच्याने विचारलं. काकू हसल्या. काका हसले नाहीत. चित्रांत पातेलं कुठं दिसतं का, ते निरखून पाहत होते.

दोन रात्री प्रत्येक कागद, साल, चहाचा चोथा काकांनी त्या सहा पिशव्यांत वेगळा ठेवला होता. ओला, सुका, प्लास्टिक आणि पुढचे तीन. आमच्या शहरात सहा प्रकार करतात, तर जंगलात काय तीन करायचे? पहाटे घरी पोचलो तेव्हा गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभीच होती. काका न झोपलेल्या डोळ्यांनी, केस पिंजारलेले, सहाही पिशव्या घेऊन तिच्याकडे धावले.

"काकाजी, इतना? शादी थी क्या?"

"गांधीसागर," काका धापा टाकत म्हणाले.

माणसाने एकेक पिशवी बघून आपापल्या खणात टाकली. शेवटी काकांनी खिशातून वाकलेल्या खुंट्या काढून त्याच्यापुढे धरल्या.

"ये किसमें जाएगा?"

तो विचारात पडला. मागच्या ओट्यावरून कुणीतरी 'सूखे में' म्हणालं, दुसरं कुणी भंगारवाल्याला द्या म्हणालं, आणि काकू मिक्सरचं भांडं हातात घेऊन दारात उभ्या होत्या.