शेतात जरा खड्डे पाडू का?

मेटल डिटेक्टर पैसे टाकले की मिळतो. तो फिरवायला शेत लागतं, ते मात्र दुसऱ्याचं असतं, आणि इंग्लंडात सगळं घोडं तिथेच पेंड खातं. कानाला हेडफोन लावून रोमन नाण्यांची स्वप्नं बघणाऱ्या या भल्या माणसांना खरा घाम फुटतो तो शेतकऱ्याचं दार वाजवताना. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन अनोळखी सोसायटीत शिरलेल्या कार्यकर्त्याचा चेहरा आठवा. त्याला निदान गणपती तरी पुढे करता येतो. यांनी कोणत्या तोंडाने म्हणायचं, 'तुमच्या शेतात जरा खड्डे पाडू का?'

म्हणून जुनीजाणती मंडळी नवख्यांना शहाणं करून सोडतात. लष्करी छापाचे कपडे घालून जाऊ नका. जेवणाच्या वेळी जाऊ नका. मेंढ्या विण्याच्या दिवसांत तर फिरकूच नका. खड्डा बुजवा, आणि फाटक जसं होतं तसंच ठेवा. शेतकऱ्याचंही चुकत नाही. रात्री चोरून शेतं उकरणाऱ्या 'नाइटहॉक' मंडळींनी पोळलेला माणूस दिवसाढवळ्या आलेल्याकडेही संशयानेच बघणार. शिवाय सुगी आटोपल्यावर पुढची पेरणी होईपर्यंतच रान मोकळं. त्यातून ज्याने मान डोलावली तो कूळ निघाला, तर मालकाचं दार वेगळं वाजवायचं.

सफोकमधल्या हॉक्सन गावी 1992 साली मात्र गंगा उलटी वाहिली. एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली आणि त्यानेच आपल्या मित्राला, एरिक लॉज नावाच्या निवृत्त माळ्याला, यंत्र घेऊन बोलावलं. हातोडी शोधता शोधता लागली रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार नाणी, शिवाय दागिने आणि चांदीचे चमचे. लॉज यांनी अधाशासारखं सगळं उपसलं नाही. थोडं काढून थांबले, कळवलं, आणि उरलेलं पुरातत्त्वज्ञांनी नीट खणून काढलं. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली, पण तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. म्हणजे ज्या कामाला बोलावलं ते झालं, आणि शेतकऱ्याच्या हाती हातोडी नाहीच!

पुढे 1996 च्या कायद्याने शिस्त आली. तीनशे वर्षांहून जुना सोन्या-चांदीचा ऐवज लागला, की 14 दिवसांत कोरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. संग्रहालयाने तो घेतला तर शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात बक्षीस बहुधा निम्मं-निम्मं. एरवी निघतं ते म्हणजे जुनी बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या आणि बिअरच्या डब्यांच्या कड्या.

हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. 'आजोबांपासून नांगरतोय, इथे काय डोंबल मिळणार?' असं म्हणून तो हसतो, आणि त्याच दमात निम्म्या वाट्याचं तेवढं कागदावर लिहून मागतो.